मुळशी पेटा : एका खोऱ्याची आणि तेथील माणसांची हकीकत



आजच्या व्याख्यानासाठी मी फार दूरचा विषय निवडलेला नाही. आपल्या शहरापासून पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर सह्याद्रीच्या कुशीत एक खोरे आहे. कागदोपत्री त्याचे नाव मुळशी. आज तो स्वतंत्र तालुका आहे आणि त्याची कचेरी पौडला आहे. इंग्रजी अमदानीत तो हवेली तालुक्याचा एक पेटा होता. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहायला आपल्यातले पुष्कळजण जातात. तरुण मंडळींना मुळशी हे नाव २०१८ साली आलेल्या एका मराठी चित्रपटामुळे पाठ झाले आहे. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे पुढे काय होते, हा त्या चित्रपटाचा विषय. परंतु मुळशीच्या माणसाच्या हातून जमीन जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. त्याआधी शंभर वर्षे तेथे जे घडले, ते आपल्या शहरात अगदी थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही त्यातला आपल्याला सोयीचा तेवढाच भाग सांगतात. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगण्याचे मी योजले आहे.

प्रथम भूगोल. इतिहासाचा विद्यार्थी भूगोल टाळू लागला की त्याच्या पायाखालची जमीन सुटते. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या नदीने आपापले एक खोरे कोरून काढले आहे. दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा, मधून नदी, नदीच्या काठाने भाताची खाचरे आणि उंचवट्यावर गाव. अशा खोऱ्याला आपल्याकडे मावळ म्हणतात आणि तेथे राहणाऱ्याला मावळा. बारा मावळे ही संख्या आपण शाळेत घोकली, पण त्या प्रत्येकाचा मूळ पाया एक नदी आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. हिरडस मावळ बांदलांचे, गुंजण मावळ शिळिमकरांचे, मुठे खोरे पायगुड्यांचे, मोसे खोरे पासलकरांचे, पौड खोरे ढमाल्यांचे. नदीच्या नावाने खोरे, खोऱ्याच्या नावाने देशमुखी आणि देशमुखीच्या भोवती माणसे, अशी ही रचना होती. शिवाजीमहाराजांनी स्वराज्याचा डाव मांडला तो या खोऱ्यांतून. बाजी पासलकरांसारखी माणसे त्यांना येथे मिळाली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र राज्य उभे राहिले, पुढे ते गेले, १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला, आणि मावळा जेथे होता तेथेच, आपल्या खाचराच्या बांधावर उभा राहिला. त्यानंतर त्याचे काय झाले हे विचारण्याची तसदी आपण फारशी घेतली नाही.

तो कसा जगत होता? पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर त्याच्या कित्येक पट पडतो. एवढ्या पावसात ज्वारी-बाजरी टिकत नाही, भातच हवा. उन्हाळ्यात मावळ्याची लगबग सुरू होते ती राबापासून. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर वाफ्यावर पसरायचे, वर माती टाकायची आणि ते जाळायचे. या भाजलेल्या जमिनीत रोप टाकायचे. पाऊस स्थिरावला की रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायची. लावणीला एका घराची माणसे पुरत नाहीत. मग इर्जिक घालायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून आज याचे शेत करायचे, उद्या त्याचे. पाठीवर इरले, पाय चिखलात आणि तोंडात गाणे, असे हे दिवस. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. रानातला हिरडा गोळा करून विकला की चार पैसे हाती येत. या खोऱ्यातल्या आंबेमोहराचा वास आपल्या शहरातल्या कैक घरांच्या स्वयंपाकघरांत दरवळला आहे. तो पिकवणारा स्वतः मात्र वर्षातले बरेच महिने नाचणीच्या भाकरीवर काढी.

मराठ्यांबरोबर येथे महादेव कोळी होते, कातकरी होते, डोंगराच्या पठारावर गुरे घेऊन राहणारे गवळी धनगर होते. गावागणिक एक देवराई होती. तिच्यातली काटकीही कोणी तोडत नसे. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या राखलेल्या झाडीचे मोल विद्वानांच्या लक्षात आले. गावकऱ्यांना ते वाघजाईच्या धाकाने आधीच ठाऊक होते.

इंग्रजी राज्यात या जीवनाला दोन बाजूंनी ओढ लागली. १८७८च्या जंगल कायद्यानंतर घाटातल्या रानांवर सरकारी राखण आली आणि राबासाठी फांद्या तोडण्याचा जुना वहिवाटीचा हक्क वादात सापडला. दुसरी ओढ सावकाराची. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या तारखेला. पीक हाती येण्याआधी पैसा लागे तो सावकाराकडून. दक्षिणेतील शेतकऱ्यांचे १८७५चे दंगे आणि त्यानंतर १८७९ साली झालेला दक्षिणी शेतकरी कायदा आपण इतिहासात वाचतो. त्या कायद्याने काही कुळे वाचली असतील. पण मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी विसाव्या शतकाच्या आरंभी गहाणाच्या किंवा खरेदीच्या कागदाने सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा तोच, घर तेच, बैल तेच; सातबारावरचे नाव मात्र दुसऱ्याचे. आणि हे दुसरे कोण? त्यांतले पुष्कळसे आपल्या या पुण्याचे रहिवासी होते. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो.

मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत, आणि कोळसा दुरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे पाणी अडवून कोकणाच्या बाजूला खाली सोडले तर त्या उताराच्या जोरावर वीज निर्माण करता येईल, ही कल्पना टाटांनी उचलली. १९१० साली पहिली कंपनी निघाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. मग आंध्र खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. तिसरी योजना नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळची. तिच्यासाठी १९१९ साली नवी कंपनी स्थापन झाली. मुळशीजवळ धरण बांधायचे, मागचे सगळे खोरे पाण्याखाली घालायचे आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खोल सोडून वीज करायची, असा हा बेत होता.

अभियंत्याच्या दृष्टीने योजना अप्रतिम होती, यात शंका नाही. पण पाण्याखाली जाणाऱ्या त्या पट्ट्यात पन्नासांहून अधिक गावे होती आणि दहा हजारांवर माणसे होती. त्यांना कोणी विचारले नाही. जमिनी रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे चर खणले जाऊ लागले. एका शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या अशा खोदाईला हरकत घेतली, तेव्हा एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले असे सांगतात. खोऱ्यात बातमी पसरली ती अशी.

गावकरी पुण्याला आले. १९२० साल संपत आले होते, असहकाराची हवा होती. विनायकराव भुस्कुटे यांनी हे काम आपले मानले. त्यांनीच पुढे या लढ्याचा वृत्तांत लिहून ठेवला. सभा झाल्या, आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा खोऱ्यात घुमू लागली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागेवर गेले आणि कामाच्या आड शांतपणे बसले. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसे होती. काम थांबले. जवळजवळ महिनाभर ते बंद राहिले आणि शेवटी कंपनीने काही महिने काम तहकूब ठेवण्याचे मान्य केले. गांधीजींनी त्या वर्षी 'यंग इंडिया'तून या शेतकऱ्यांची बाजू घेतली. गरिबाच्या इच्छेविरुद्ध त्याची जमीन घेऊन देशाचे जे हित साधायचे, त्याचा पुनर्विचार करा, असे त्यांनी टाटांना सांगितले. खोऱ्यात त्या पावसाळ्यात लावणी झाली. आपण जिंकलो असे लोकांना वाटले.

ते जिंकले नव्हते. १८९४चा जमीन संपादनाचा कायदा सरकारच्या हाताशी होता. त्या कायद्यात खासगी कंपन्यांसाठीही जमीन घेण्याची तरतूद होती. सरकारने संपादनाची पावले उचलली, मुदत संपताच काम पुन्हा सुरू झाले, आणि मग धरपकडीचे सत्र चालू झाले. सत्याग्रही बांधावर बसत, उचलले जात, शिक्षा भोगून परत येत, पुन्हा बसत. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी साठीच्या उंबरठ्यावर, १९२२ साली, या लढ्यात सहा महिन्यांची कैद भोगली. ज्यांच्या लेखणीने इंग्रज सरकारला एकदा हादरवले होते, ते मावळ्यांच्या खाचरांसाठी तुरुंगात गेले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही नोंदली गेली पाहिजे.

आणि पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा मुलगा मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून शिकायला एडिंबरोला गेला, तेथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या घेऊन आला, भूमिगत झाला, पकडला गेला, सुटला आणि मग हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. असा मनुष्य मुळशीत आला, तो मुळशीचाच झाला. त्यांना सेनापती हे नाव मिळाले ते याच लढ्यात. आपल्या शहरातल्या सेनापती बापट रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात. हा सेनापती कोणत्या सैन्याचा, असे त्यांना विचारून पाहावे. सैन्य होते मावळ्यांचे, आणि त्यांच्याजवळ हत्यार म्हणावे असे काही नव्हते.

या लढ्याचा शेवट कसा झाला? १९२२-२३पासून खोऱ्याचा धीर खचत गेला. मोबदल्याच्या रकमा वाटल्या जाऊ लागल्या. हळूहळू एकेक गाव रिकामे होऊ लागले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्र घेऊन कंपनीच्या रुळांवर धोंडे टाकले, गाडी अडवली. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे जखमी झाली. हे करून ते पळाले नाहीत. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि ते सुटले १९३१ साली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

बापटांच्या या अखेरच्या कृत्याविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही राहतील. बाराशे माणसांनी निःशस्त्र बसून जे नैतिक बळ कमावले होते, ते या धोंड्यांनी आणि गोळ्यांनी उणे झाले, असे मला वाटते. मात्र ते कृत्य लढ्याच्या पराभवाचे कारण नव्हे. ते पराभव होऊन गेल्यानंतरचे आहे. पराभवाची कारणे निराळी होती आणि ती अधिक दुखरी आहेत.

पहिले कारण मी मघाशी सांगून ठेवले. कायद्याच्या दृष्टीने जमीन ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. सावकाराला जमीन ही रक्कम होती; रक्कम चांगली येत असेल तर ती घ्यावी, हा त्याचा हिशेब. कुळाला जमीन हे घर होते, देव होता, पुढच्या वर्षीचे पोट होते. लढा जसजसा लांबला तसतसे या दोघांचे हित उघड वेगळे झाले. आपल्या पुण्याने या लढ्याला पुढारी दिले, वर्तमानपत्रे दिली, तुरुंगात जाणारी माणसे दिली. त्याच पुण्यातल्या काही पेढ्यांवर मुळशीच्या मोबदल्याच्या रकमा जमा झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण पहिलीचा उच्चार सभेत करतो आणि दुसरी विसरतो. इतिहासाला असे अर्धे स्मरण चालत नाही.

दुसरे कारण असे की, समोरचा प्रतिपक्ष निव्वळ परका नव्हता. परदेशी कंपनीविरुद्ध लढणे सोपे असते. येथे कंपनी स्वदेशी भांडवलाची, उद्योग स्वदेशी, वीज स्वदेशी गिरण्यांना. राष्ट्राचे औद्योगिक सामर्थ्य वाढावे असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांच्या मनाची त्यामुळे ओढाताण झाली. राष्ट्राच्या हितासाठी थोड्यांनी सोसले पाहिजे, हा युक्तिवाद तेव्हाच पुढे आला, आणि त्यानंतर तो आपण किती ठिकाणी ऐकला! कोयनेला ऐकला, नर्मदेला ऐकला. हा युक्तिवाद नेहमीच खोटा असतो असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न इतकाच : हे 'थोडे' कोण, हे कोण ठरवते? ते स्वतः ठरवत असतील तर त्याला त्याग म्हणावे. दुसऱ्याने त्यांच्यासाठी ठरवला तर त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

आता नदीची गत पाहा. मुळा आपल्या शहरात संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा चंद्रभागा होऊन पंढरीच्या विठोबाच्या पायांशी जाते, पुढे कृष्णेत मिसळून पूर्वसमुद्राला पोचते. हा तिचा सहस्रावधी वर्षांचा मार्ग. १९२७ सालापासून मुळशीला अडवलेले पाणी वीजघरातून घाटाखाली उतरते, कुंडलिकेत पडते, कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याला पश्चिमसमुद्रात जाते. खोऱ्यातले वारकरी ज्या पाण्याच्या काठाकाठाने मनाने पंढरीला जात, त्या पाण्याचे तोंडच फिरले. हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्याला मिळावे अशी मागणी दुष्काळाच्या वर्षी दरवेळी उठते. ती उठवणाऱ्यांत आपण शहरवासीही असतो. या मागणीत तथ्य आहे; पण पाणी हवे म्हणताना त्या पाण्याच्या तळाशी कोणाची खाचरे आहेत, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

उठलेली माणसे कोठे गेली? त्या वेळी पुनर्वसन हा शब्द कायद्यात नव्हता. पैसे घ्या आणि उठा, एवढेच होते. काहीजण पाण्याच्या कडेने डोंगरावर सरकले आणि उताराची मुरमाड जमीन कसू लागले. काहींनी मुंबईची वाट धरली. ज्या विजेसाठी घर बुडाले, तिच्यावर चालणाऱ्या शहरात मजुरी शोधायची, असे हे नशीब. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. त्यामागे बाबा आढावांसारख्यांनी उभ्या केलेल्या धरणग्रस्तांच्या चळवळीचा रेटा होता. ज्या १८९४च्या कायद्याने मुळशी घेतली, तो रद्द होऊन नवा कायदा आला तो २०१३ साली, आणि १ जानेवारी २०१४पासून तो अमलात आला. ज्यांच्या जमिनी जातात त्यांची संमती, परिणामांची आगाऊ पाहणी आणि पुनर्वसन या गोष्टी त्या कायद्याने मान्य केल्या. मुळशीच्या बाराशे माणसांनी ज्यासाठी बैठक मारली, तिचा काही अंश देशाच्या कायद्यात उतरायला ब्याण्णव वर्षे लागली. लढा हरला असे आपण म्हणतो. पण हरलेल्या लढ्याचे देणे कधी कधी असे फिटते, आणि ते देणेकऱ्याच्या पणतवंडांच्या हाती पडते.

मधल्या काळात या परिसरावर आणखी पाणी चढले. पलीकडच्या मोसे खोऱ्यात वरसगावचे धरण झाले आणि त्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव देण्यात आले. ज्या खोऱ्यात पासलकर नांदले, तेच बुडवून त्याला त्यांचे नाव द्यावे, यातला विरोधाभास नाव देणाऱ्यांच्या ध्यानात आला की नाही, कोण जाणे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तो दिवस आपले शहर विसरलेले नाही. धरणाने आपले घर बुडते म्हणजे काय, हे पुणेकरांना त्या एका दिवशी कळले. मुळशीला ते चाळीस वर्षांपूर्वी कळले होते, फरक इतकाच की तेथे पाणी ओसरले नाही.

आज त्याच तालुक्यात हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत, पिरंगुटला कारखाने आहेत, डोंगरांवर बंगले आहेत. जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि पुष्कळांनी ती स्वखुशीने विकली. स्वखुशीने विकणे आणि जबरीने गमावणे यांत भेद आहे, हे मला मान्य आहे. तरी पैसा संपल्यावर खाचर नसलेला शेतकरी १९२४ साली जेथे उभा होता, तेथेच तो आजही उभा राहतो.

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. इतिहासाच्या अभ्यासकाने सरकारला उपाय सांगू नयेत. त्याचे काम स्मरणाचे. म्हणून एक लहानसे काम मी आपल्यापुढे ठेवतो. बुडालेल्या गावांची नावे आणि त्या गावांतून उठलेल्या घराण्यांच्या आठवणी जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांमध्ये अजून आहेत. ज्यांनी पाणी चढताना पाहिले ती माणसे आता राहिली नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली त्यांची मुले-नातवंडेही वृद्ध झाली आहेत. पुढच्या वेळी ताम्हिणीला जाल तेव्हा धबधब्यापाशी थांबण्यापूर्वी अशा एखाद्या वाडीत थांबा. ओसरीवर बसलेल्या आजोबांना विचारा, 'बाबा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?' ते हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवतील. ते जे सांगतील ते वहीत उतरून घ्या. या शहराने त्या खोऱ्याकडून तांदूळ घेतला, जमिनी घेतल्या आणि मोबदलाही घेतला. निदान त्याची हकीकत तरी आपण नीट लिहून ठेवू.